विळीची कुळकथा



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या मनात काही गोष्टी आधीच मांडून ठेवलेल्या असतात. नगरच्या श्रोत्यांना तर त्या उसन्या आणाव्या लागत नाहीत. भुईकोट किल्ला गावातच उभा आहे, चांदबिबीचे नाव लहान मुलालाही ठाऊक आहे, आणि मलिक-ए-मैदान तोफ विजापुरात असली तरी ती १५४९ साली ओतली गेली आपल्याकडे, हे सांगताना नगरकराची मान किंचित ताठ होते. या तोफेची लांबी सुमारे चौदा फूट. ती ओतणाऱ्या रूमी कारागिराचे नावही तिच्यावर कोरलेले आहे. आज मी मात्र ज्या पात्याविषयी बोलणार आहे, त्यावर कोणाचेही नाव कोरलेले नाही. ते पाते म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील विळी, आणि तिच्या जोडीला तिची धाकटी जाऊ सुरी.

विषय हलका वाटेल. पण घरात रोज दोन वेळा भाजी चिरली जाते, आणि ती चिरण्याला चांगले पाते कोणते, ते निवडावे कसे, हा प्रश्न प्रत्येक पिढीतल्या गृहिणीला पडलेला आहे. पूर्वी याचे उत्तर सासूकडून सुनेकडे आपोआप जात असे. आता ओटा आला, दुकानात रंगीत मुठींच्या सुऱ्या ओळीने मांडल्या गेल्या, आणि उत्तर देणारे माणूस घरात राहिले नाही. तेव्हा हा प्रश्न थोडा मागे जाऊन, आपल्याच जिल्ह्याच्या मातीला विचारून पाहू.

प्रवरेच्या काठाने चालत गेले तर तीन गावे लागतात. संगमनेर तालुक्यातील जोर्वे, पुढे श्रीरामपूरकडील दायमाबाद, आणि शेवटी नेवासे. नेवासे म्हटले की आपल्याला पैसाचा खांब आणि शके १२१२ आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांचे सहकारी डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले, आणि माणसाच्या हातातील धारेचा जवळजवळ सगळा प्रवास त्या एका गावात उलगडला. सर्वांत खाली, नदीच्या जुन्या गोट्यावाळूच्या थरांत, लाखो वर्षांपूर्वीच्या दगडी हातकुऱ्हाडी. त्यांच्या वरच्या थरांत चर्ट आणि जास्पर या दगडांच्या छिलक्यांची लहान हत्यारे. ती इतकी वैशिष्ट्यपूर्ण निघाली की सांकळियांनी त्या संस्कृतीलाच नेवाशाचे नाव दिले. त्यानंतर गावची पांढरी, म्हणजे वस्तीची माती, आणि तिच्यात आजपासून तीन हजार वर्षांहून अधिक जुने शेतकरी. त्यांच्याही वर सातवाहनांचा काळ आणि लोखंड.

आपल्या विषयाला या सगळ्यांत जवळचे ते शेतकरी. त्यांना पुरातत्त्वाच्या पुस्तकांत जोर्वे संस्कृतीचे लोक म्हणतात, कारण त्यांची ती लाल रंगावर काळ्या नक्षीची खणखणीत मडकी प्रथम ओळखली गेली ती जोर्वे येथे. सांकळिया आणि देव यांनी १९५०-५१ साली तेथे खोदकाम केले. इसवी सनापूर्वी सुमारे १४०० पासून पुढे काही शतके हे लोक आपल्या नद्यांच्या काठी राहिले. गहू, सातू, मसूर पिकवीत, गुरे पाळीत. आणि यांच्या घरांच्या जमिनीवर सापडतात ती हजारोंनी दगडी पाती.

ही पाती हातात घेऊन पाहिल्याशिवाय त्यांची करामत कळावयाची नाही. बोटाच्या एक-दोन पेरांएवढी लांब, नखाएवढी पातळ, दोन्ही कडा अगदी समांतर. दगड कॅल्सिडोनीचा, म्हणजे अकिकाच्या जातीचा, अर्धपारदर्शक. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तो तयार होतो आणि नद्यांच्या गोट्यांतून वाहत येतो, त्यामुळे प्रवरेच्या काठी त्याला तोटा नव्हता. कारागीर आधी गोट्याच्या एका बाजूला आडवे-तिडवे टवके काढून एक कंगोरा तयार करी. त्या कंगोऱ्याच्या रेषेवर नेमका दाब दिला की तो कंगोरा घेऊन पहिले पाते सुटे, आणि त्याच्या जागी दोन सरळ कडा उरत. पुढचे पाते त्या कडेवरून, त्याच्या पुढचे त्याच्याही पुढच्या कडेवरून. शेवटी हातात राहतो तो लांबट गाभा, त्याच्या अंगावर खांबाच्या पन्हळीसारख्या खाचा. कांद्याची पाकळी काढावी तशी पाती काढण्याची ही युक्ती आहे. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत ओळीने बसवली की विळा झाला, एकच बसवले की सुरी झाली.

त्यांच्याजवळ धातू नव्हता असे मात्र कोणी समजू नये. जोर्व्यालाच तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. दायमाबादला तर १९७४ साली शेतकऱ्याच्या हाताला जे लागले त्याने सगळे जग चकित झाले. बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा, अशी चार ओतीव शिल्पे, मिळून साठ किलोंहून अधिक वजनाची. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण मला विचार करावासा वाटतो तो वेगळ्या गोष्टीचा. ज्या खोऱ्यात देवाधर्मासाठी वा वैभवासाठी एवढा धातू ओतला गेला, त्याच खोऱ्यात बायका मसुराच्या आमटीत टाकावयाची भाजी दगडाने चिरत होत्या. तांबे दुर्मिळ, दुरून आणावे लागे, म्हणून ते कुऱ्हाडीला आणि मिरवण्याला. रोजच्या कामाला दगड. ही वाटणी पुढे फारशी बदलली नाही. पोलाद आले तेव्हाही उत्तम पोलाद तलवारीला गेले, आणि विळीच्या वाट्याला आले ते उरलेसुरले.

दगडी पात्याला कमी लेखू नये. ताज्या काढलेल्या कॅल्सिडोनीची धार चांगल्या पोलादाला लाजवील अशी असते. तिचे दुखणे एवढेच की ती ठिसूळ, हाडाला लागली की तुकडा उडतो, आणि एकदा गेलेली धार पुन्हा लावता येत नाही. पाते बोथटले की टाकावयाचे आणि नवे काढावयाचे. म्हणून तर ती हजारोंनी सापडतात. वापरा आणि फेका हा धर्म आपण आजच्या काळाच्या नावावर घालतो, पण स्वयंपाकघरात तो तीन हजार वर्षांपूर्वी नांदत होता, आणि ‘पुन्हा धार लावता येणे’ हीच लोखंडाने आणलेली खरी क्रांती होय. लोखंडाचे पाते बोथट होते पण मरत नाही. ते निसण्यावर घासावे, पुन्हा जिवंत होते. एका बाईच्या हयातीत एक विळी पुरते, आणि थोडी झिजून सुनेच्या हातात जाते.

विळी हे नाव सरळच विळ्यावरून आले. आपल्या भाषेची एक गंमत आहे. जे हत्यार शेतात वा रणात मोठे असते ते पुल्लिंगी, आणि तेच घरात आले की स्त्रीलिंगी: विळा आणि विळी, सुरा आणि सुरी. सुरा क्षत्रियाच्या किंवा खाटकाच्या हाती, सुरी आईच्या हाती. व्याकरणाने कामाची वाटणी करून ठेवली आहे, तिच्याशी सहमत व्हावे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. विळ्याचे पाते भुईत रोवल्यासारखे पाटावर उभे करावयाचे आणि हाताने फळ त्याच्याकडे न्यावयाचे, ही कल्पना आपल्याकडेच आहे असे नाही. बंगालात तिला बोटी म्हणतात, कर्नाटकात ईळिगे मणे, तमिळनाडूत अरुवामणै. आपल्या कोकणात आणि गोमंतकात आडोळी, आणि तेथे तिच्या टोकाला नारळ खवण्याचे दाते हवेतच. जेथे चूल जमिनीवर आणि माणूस जमिनीवर, तेथे पातेही जमिनीवर, असा हा साधा हिशेब.

विळीचे यंत्रशास्त्र मात्र साधे नाही. सुरीत पाते हलते आणि भाजी थांबते. विळीत भाजी हलते आणि पाते थांबते. त्यामुळे दोन्ही हात भाजीवर राहतात, पाट पायाखाली किंवा गुडघ्याखाली दाबलेला असतो, आणि शरीराचे वजन आपसूक कामाला येते. लाल भोपळा एका हाताच्या सुरीने फोडून पाहावा आणि मग विळीवर फोडून पाहावा. विळ्याभोपळ्याचे सख्य ही म्हण कोणा अनुभवी बाईनेच घडवलेली असली पाहिजे. पात्याला जो बाक दिलेला असतो त्यामुळे भाजी नुसती दाबली जात नाही, ती धारेवरून सरकते, आणि सरकणारी धार दाबणाऱ्या धारेपेक्षा कितीतरी कमी जोरात कापते. मेथीची जुडी विळीवर केसासारखी बारीक होते ती याच कारणाने.

आता हे पाते घडवणारे कोण, ते पाहू. गावगाड्यात लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. कै. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. बलुतेदार आणि फिरस्ते यांचे संबंध समजून घ्यावयाचे तर तो ग्रंथ चाळल्यावाचून गत्यंतर नाही. कुणब्याने लोखंड आणून द्यावे, लोहाराने फाळ, कुळवाची पास, खुरपी, विळे करून व शेवटून द्यावेत, आणि खळ्यावर धान्य घ्यावे, अशी ही रीत. विळी, अडकित्ता, झारा असल्या किरकोळ जिनसा मात्र बहुधा घिसाड्याकडून किंवा आठवड्याच्या बाजारातून घेतल्या जात. हा घिसाडी म्हणजे फिरता लोहार. गाडीवर किंवा गाढवावर बिऱ्हाड, गावाबाहेर पाल, पालापुढे जमिनीत खळगा करून भट्टी, एक भाता, एक छोटी ऐरण. पुरुष सांडशीत तापलेले लोखंड धरून बसतो आणि त्याची बायको उभी राहून घण घालते. हे दृश्य आपल्या पाथर्डी-शेवगावच्या रस्त्यांवर पाहिलेले अनेकजण या सभेत असतील. पोटाशी मूल बांधून ती घण घालते, आणि त्या घणाखाली आकार घेणारे पाते दुसऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात जाते. इतिहासाने यातल्या दोघींचीही नोंद ठेवली नाही. बलुते त्या पहिलीला नव्हते, कारण तिला गाव नव्हते. स्वातंत्र्यानंतर घिसाडी समाज भटक्या जमातींच्या यादीत आला. सवलतींचा कागद आला, पण पालाला पत्ता नसल्याने तो पुष्कळदा पोहोचला नाही. मढीच्या कानिफनाथाच्या यात्रेला भटक्या जमाती वर्षातून एकदा एकत्र येतात, तेव्हा या सगळ्या फिरत्या कारागिरीचा पसारा केवढा होता याची थोडी कल्पना येते.

विळीचा गुण ठरतो तो ‘पाणी देण्यावर’. लोखंडात कोळशाचा अंश असेल तरच ते पाणी पिते; अगदी मऊ लोखंड कितीही तापवून बुडवले तरी कडक होत नाही. बैलगाडीच्या चाकाची धाव अशी मऊ असते, तिची विळी केली तर ती पहिल्याच भोपळ्याला वाकते. म्हणून लोहार जुन्या कानशी शोधतो, आणि मोटारी आल्यापासून त्यांचे मोडके कमानपाटे. कानशीत कोळशाचा अंश शेकडा एकाच्या आसपास, कमानपाट्यात त्याच्या निम्म्याने. पाते लालभडक करून पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते काचेसारखे कडक होते, आणि काचेसारखेच ठिसूळ. मग ते पुन्हा मंद तापवून उतरवावे लागते. घासून पांढरे केलेल्या पात्यावर तापता तापता रंग चढतात, आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा-निळा. पिवळ्यावर थांबले तर धार टिकते, निळ्यापर्यंत गेले तर ते लवचिक स्प्रिंग होते, धार टिकत नाही. लोहाराजवळ उष्णतामापक नसतो. त्याचे सारे शास्त्र डोळ्यांत.

हे शास्त्र किती वरच्या पायरीला पोहोचले होते त्याची एक साक्ष परदेशातून मिळते. तेलंगणातील कोनसमुद्रमसारख्या गावी मुशीत शिजवलेले पोलाद होई, त्याला इंग्रज वूट्झ म्हणत. मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले, आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. त्या काळचा लंडनचा नामांकित चाकू-कारागीर स्टोडार्ट याने हे पोलाद घडवून पाहिले आणि ते इतके मानले की पुढे त्याच्याबरोबर खुद्द मायकेल फॅरेडेने पोलादाच्या मिश्रणांचे प्रयोग केले. त्यांचा निबंध १८२० चा. म्हणजे जे पोलाद विलायतेच्या कारागिराला चाकूसाठी हवेसे वाटले ते दख्खनचे होते. आणि त्याच शतकात उलटा ओघ सुरू झाला. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून सुरू झाला, विलायती लोखंड गाडीभाड्याने गावोगाव स्वस्त मिळू लागले, आणि मुशीचे पोलाद शिजवणाऱ्या भट्ट्या थंडावत गेल्या. त्याच वर्षी शस्त्रांचा कायदाही झाला. तलवारींना झिलई करणारे शिकलगार, ज्यांना फारसीत सैकलगार म्हणत, ते सराण घेऊन कात्र्या-सुऱ्यांना धार लावत फिरू लागले. आजही आळीत सायकलचे चाक फिरवीत ठिणग्या उडवणारा माणूस आला तर तो एका मोठ्या धंद्याचा उरलेला तुकडा आहे, हे ध्यानात घ्यावे.

प्रवरेच्या काठची आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. डॉ. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांच्या प्रयत्नाने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले, आणि सारा परिसर उसाचा झाला. ऊस तोडावयाला माणसे येतात ती पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून आणि पलीकडच्या बीड जिल्ह्यातून. मुकादमाच्या वहीत ती माणसे म्हणून लिहिली जात नाहीत. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. विळीचाच हा थोरला भाऊ, पण येथे हत्यार माणसाच्या नावाने ओळखले जात नाही, दोन माणसे एका हत्याराच्या नावाने मोजली जातात. दिवसभर त्या कोयत्याने ऊस तोडून आलेली बाई संध्याकाळी कोपीत चुलीपुढे बसते, आणि कांदा बुक्कीने फोडते. ज्यांच्या कष्टाचे मोजमापच पात्याने होते, त्यांच्या घरात चिरण्याचे पाते सर्वांत शेवटी येते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ओट्याशी उभे राहून स्वयंपाक करणाऱ्या बाईने विळी सोडली म्हणून संस्कृती बुडाली असा आक्रोश मी करणार नाही. गुडघे दुखत असताना जमिनीवर बसण्याचा आग्रह धरणारे बहुधा पुरुष असतात. पुण्याच्या केळकर संग्रहालयात मोरांच्या, घोड्यांच्या आकाराच्या सुरेख विळ्या आहेत, त्या जरूर पाहाव्यात. पण सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी ती पोटात खुपसून घेत नाही, तसे सुंदर म्हणून कोणतेही पाते घरात आणू नये. विळी असो की सुरी, परीक्षा एकच आहे, आणि ती जुनी माणसे जाणत होती. पाते बोटाने टिचकावे. खणखणले तर पाणी नीट बसले आहे, बद वाजले तर मऊ आहे किंवा चिरलेले आहे. टोक धरून किंचित वाकवावे आणि सोडावे, ते सरळ झाले पाहिजे. धार अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवावी. चावली तर चांगली, घसरली तर लोहाराकडे परत द्यावी. विळीत पात्याचे शेपूट पाटातून आरपार जाऊन खालून बसवलेले आहे की नुसते वरून ठोकले आहे, हे पाट उलटा करून पाहावे. हीच गोष्ट सुरीत मुठीची. पात्याचा दांडा मुठीच्या शेवटापर्यंत गेलेला आणि रिव्हेटांनी पक्का असावा, नाहीतर मूठ एक दिवस भोपळ्यात पाते सोडून हातात येते.

सुरी घ्यावयाचीच तर सहा-सात इंचांची घ्यावी. मुठीजवळ पात्याची रुंदी एवढी हवी की चिरताना बोटांची पेरे पाटावर आपटू नयेत. बाजारातल्या पुष्कळ सुऱ्या येथेच नापास होतात. स्टेनलेस पोलादाचा शोध १९१३ साली शेफिल्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी लावला. ते गंजत नाही, लिंबू-चिंचेला भीत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्यातले जे स्वस्तातले असते ते मऊ, त्याची धार लवकर पडते आणि घरच्या निसण्याला ते दाद देत नाही. साधे पोलाद गंजते, वांग्याला आणि कैरीला काळे करते, पण दगडावर चार वेळा घासले की पुन्हा चावते. ज्या घरी पाते धुऊन लगेच पुसण्याची शिस्त आहे तेथे साधे पोलाद घ्यावे. जेथे सुरी रात्रभर मोरीत पडून राहते तेथे स्टेनलेस घ्यावे, आणि थोडे अधिक पैसे देऊन चांगले घ्यावे. आणि चिरावे लाकडाच्या पाटावर. ओट्याच्या ग्रॅनाइटवर किंवा ताटात सुरी चालवणे म्हणजे धार मुद्दाम मारणे होय. मग दोष सुरीला दिला जातो.

विळी ज्यांना अजून हवी आहे त्यांनी ती बाजारात आयती घेण्यापेक्षा लोहाराकडून करून घ्यावी, आणि कमानपाट्याची कर म्हणून सांगावे. तो दोन दिवस मागेल, ते द्यावेत. घरी आणल्यावर पाते तेलाच्या बोटाने पुसावे, पाटाच्या खाचेवर थोडे पाणी शिंपडून लाकूड फुगू द्यावे, म्हणजे शेपूट घट्ट धरले जाते. काम झाले की आडवी करून, धार भिंतीकडे ठेवावी. दसऱ्याला इतर हत्यारांबरोबर हळदकुंकू लावताना तिला पुन्हा एकदा निसण्यावर घासावे. पहिले काही आठवडे तिच्यावर कांदा, बटाटा, भोपळा चिरावा. पात्यावर करडी-काळी झाक बसली की मग वांगी आणि कैऱ्या चिरावयास हरकत नाही, त्या पूर्वीइतक्या काळ्या पडत नाहीत.